तिसऱ्यांदा 'नको'

आमच्याकडे पाहुण्याने पहिल्यांदा 'नको' म्हटलं तर ते कुणाच्या कानावरच पडत नाही. वाढणाऱ्या बाईचा हात तसाच पुढे येतो, भाकरी ताटात पडते, वर "एवढीशी तर हाय" हेही ऐकावं लागतं. दुसऱ्यांदा म्हटलं तर "अगो, घे गो, लाजतेस कसली!" असं होतं. तिसऱ्यांदा ताटावर हात आडवा धरून म्हटलं, तर मात्र ती बाई एकदा तोंडाकडे नीट बघते आणि पुढच्या ताटाकडे वळते. पहिलं नको तोंडाचं, दुसरं लाजेचं, तिसरं पोटाचं, असं माझी आई म्हणते. पहिल्याच झटक्याला "हो, वाढा" म्हणणाऱ्या माणसाबद्दल ती काय म्हणते, ते मी इथे लिहीत नाही.

वडखळहून आत खाडीच्या बाजूला वळलं की आमचं गाव. भातशेती, भातामागून वाल, आणि पलीकडे मिठागरं. आई लग्नाआधी मिठागरावर राबलेली, त्यामुळे तिचा आवाज उघड्यावरचा. घरात ती हळू बोलली तरी शेजारी उत्तर देतात. बाबा रोह्याला कंपनीत, शिफ्टमध्ये. घरातली कुठलीही मोठी गोष्ट त्यांना विचारली की ते चपला शोधायला लागायचे आणि म्हणायचे, "आईला विचार. माझी सेकंड हाय."

पेणच्या कॉलेजातून पदवी झाल्यावर मी हॉलंडच्या एका विद्यापीठात माती आणि पाणी या विषयात पुढे शिकायला अर्ज केला. दिवाळीनंतर प्रवेशही मिळाला, शिष्यवृत्तीही मिळाली. होळीपर्यंत होकार कळवायचा होता. मला वाटलं, आता गावात पेढे वाटायचे. आईला सांगितलं तर ती तांदूळ पाखडता पाखडता म्हणाली, "नाय."

"अगं पण का?"

"तू तिकडं उपाशी मरशील."

मी हसले. पण ती हसत नव्हती. तिच्याकडे पुरावा होता. आदल्या वर्षी मी एका शिबिरासाठी पुण्याला गेले होते आणि एका मैत्रिणीच्या घरी उतरले होते. रात्री तिच्या आईने विचारलं, "जेवणार आहेस का गं?" घरचं वळण म्हणून मी "नको" म्हणाले आणि दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत बसले. त्या बाई म्हणाल्या, "बरं," आणि ओटा पुसायला लागल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं. विचारलं, उत्तर मिळालं, विषय संपला! मी दोन ग्लास पाणी प्यायले आणि पोटाशी उशी धरून झोपले. घरी येऊन हा किस्सा मी गंमत म्हणून सांगितला. बाबा हसले, मावशी हसली. आई मात्र वाल सोलत राहिली. तो किस्सा तिने तेव्हापासून जपून ठेवला होता आणि आता बाहेर काढला.

"पुन्यात मराठी बोलतात तरी तुला कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाय. तिकडं कोण विचारनार हाय? तुझा स्वभाव मला ठावा नाय काय? तू मेली नको नको म्हणत सुकटीसारखी वाळशील आन मला फोनवर सांगशील, जेवले गो आई. नाय म्हंजे नाय."

यावर युक्तिवाद काय करणार? मी रुसून पाहिलं, अबोला धरून पाहिला. आमच्या आईपुढे अबोला म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, तिला कळायलाच दोन दिवस लागतात. बाबांना मध्यस्थी करायला सांगितली तर त्यांची फर्स्ट निघाली. मी सरळ सांगते, त्या दिवसांत मला आईचा भयंकर राग यायचा. एवढी वर्षं अभ्यास करायचा आणि शेवटी अडायचं कुठे, तर भाकरीपाशी!

त्यातच आमच्या घरी ती पाहुणी आली.

कॉलेजातल्या आमच्या बाईंनी विचारलं होतं की हॉलंडची एक विद्यार्थिनी अभ्यासासाठी येतेय, खाडीकाठच्या गावात राहायचंय, तुमच्याकडे सोय होईल का. तिला आपले खारे बांध बघायचे होते. समुद्राचं पाणी शेतात येऊ नये म्हणून आमच्या आजेपणज्यांनी चिखलाचे घातलेले, आणि उधाणाने फुटले की अख्ख्या गावाने जाऊन पुन्हा उभे करायचे, ते बांध. मी मनात म्हटलं, बघा नशीब! मला जिथे जायचंय तिथली मुलगी माझ्या घरात येऊन माझ्याच खाटेवर झोपणार. आई लगेच हो म्हणाली. पाहुण्याला नाही म्हणणं तिच्या रक्तात नाही, नाही म्हणायला पोटची पोर आहे ना.

पाहुणी आली ती पाठीवर तिच्याहून मोठी पिशवी घेऊन. उंच इतकी, की पहिल्याच दिवशी पडवीच्या वाशाला डोकं आपटलं. आईने हळद आणली, पाणी आणलं, आणि लगेच ताट आणलं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, भात. पाहुणी दोन भाकऱ्या मन लावून जेवली. आईने तिसरी पुढे केली. पाहुणी हसून इंग्रजीत म्हणाली, नको, धन्यवाद, पोट भरलं. तिसरी भाकरी ताटात. ती बिचारी वाढलेलं टाकू नये म्हणून खाऊन बसली. चौथी आली.

दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, मराठीत 'नो'ला काय म्हणतात? मी सांगितलं. दिवसभर बांधावर चालता चालता ती तो शब्द घोकत होती. रात्री ताटावर बसल्यावर आईचा हात पुढे आला तशी ती मोठ्याने, अगदी स्वच्छ म्हणाली, "नको!"

आईला एवढा आनंद झाला! "बघ गो, मराठी बोलली पोर!" आणि त्या आनंदात तिने तिला दोन भाकऱ्या वाढल्या.

पाहुणी माझ्याकडे बघत म्हणाली, हा शब्द चालत नाही, दुसरा सांग. हसून हसून मला ठसका लागला. मग मी तिला तोंडाचं, लाजेचं आणि पोटाचं असा सगळा हिशोब समजावला. तिने तो फार गंभीरपणे ऐकला. मग म्हणाली, आमच्याकडे एकदाच विचारतात आणि एकदाच सांगतात. तुम्ही लोक दर जेवणाला एवढं नाटक करून दमत नाही का? मी म्हटलं, नाटक नाही गं, आम्ही एकमेकांना खात्री देतो. कसली खात्री, ते मात्र मला तेव्हा धड सांगता आलं नाही.

हळूहळू ती रुळली. सकाळी भाकरी-चहा खाऊन आम्ही दोघी बांधावर जायचो. ती पाण्यात काठी रोवून मापं घ्यायची, चिखल बाटलीत भरायची, आणि मी बायकांशी बोलून तिला इंग्रजीत सांगायची. मिठागरावरच्या बायका तिला बघून आधी पदर तोंडाला लावून हसायच्या. मग विचारायच्या, लगीन झालं काय? नाय? मग आईबापाला चिंता नाय काय? एकदा आईने तिला विचारलं, तुमचा देश कसा असतो? पाहुणीने सांगितलं की देशाचा बराच भाग समुद्राच्या पातळीच्या खाली आहे, बांधांनी धरून ठेवलाय. आई म्हणाली, "म्हंजे आमच्यासारखंच की. मग एवढ्या लांब कशाला आली मरायला?" मी याचं भाषांतर जरा बेताने केलं.

माघात शेजारच्या काकाने शेतात पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून वर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, पुन्हा पाला, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ. पाहुणीला वाटलं, सगळे मिळून मडकं जाळतायत. काकाने मडक्यावर पाण्याचा हात मारला, चुर्र झालं, आणि मडकं फोडल्यावर जो वास सुटला त्याने ती उठून उभीच राहिली. त्या दिवशी तिला प्रत्येकाने आपल्या वाट्यातलं दिलं. तिनेही पहिल्यांदा नको म्हटलं, दुसऱ्यांदा लाजून म्हटलं, आणि मग हात पुढे केला. सगळं शिकली होती! आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "शानी हाय पोर."

संधी साधून मी म्हटलं, "बघ, ती शिकली ना इथलं? मीपण तिकडचं शिकेन."

"तिला शिकवायला मी व्हते," आई म्हणाली आणि शेंगा सोलायला लागली.

खरं तर आई तिच्याकडे सारखी बघत असायची, हे माझ्या लक्षात आलं होतं. ती झोपते किती, आंघोळीला पाणी कढत घेते की कोमट, फोनवर घरच्यांशी कधी बोलते. एकदा तिने मला विचारायला लावलं, तुझी आई तुझ्याविना कशी राहते? पाहुणी म्हणाली, मी अठराव्या वर्षीच घर सोडलं, आता सवय झालीय. आई चुलीतली लाकडं सारायला लागली. पण रात्री भांडी घासताना स्वतःशीच म्हणाली, "सवय कसली? सवय नाय होत." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, कारण होळी जवळ येत चालली होती आणि माझा राग अजून गेला नव्हता.

होळीच्या आदल्या आठवड्यात पाहुणीला ताप भरला. पेणच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं, औषधं चालू झाली, घाबरण्यासारखं नाही असं त्यांनी सांगितलं. पण ती अगदी मलूल होऊन पडली. दुपारी आईने ताट नेलं. ती म्हणाली, नको. आईने घास पुढे केला. नको. आईने पुन्हा विचारलं. पाहुणीने डोळे मिटले आणि पुटपुटली, "नको."

आईचा हात थांबला. तिने तिच्या तोंडाकडे बघितलं, ताट उचललं आणि आत गेली. थोड्या वेळाने पेज करून आणली, मिठाचा कण घालून, आणि उशाशी बसली. वाढली नाही, आग्रह केला नाही. नुसती वाटी धरून बसून राहिली. बऱ्याच वेळाने पाहुणीने आपणच तोंड उघडलं, तेव्हा आईने एक चमचा घातला. मग आणखी एक. मी दारात उभी राहून बघत होते. आईला असं हळू हळू काही करताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी पाहुणीच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे चष्मा लावलेली, पांढऱ्या आखूड केसांची बाई. लेकीचा चेहरा बघितला आणि रडायलाच लागली. सवय झालेली आई ती! रडत रडत इंग्रजीत तिने मला पहिला प्रश्न विचारला.

"काय म्हणते?" आईने विचारलं.

"जेवली का, म्हणते."

"तिकडंपण हेच इचारतात व्हय?" आईला मोठं आश्चर्य वाटलं. मग तिने फोन आपल्या हातात घेतला, उलटा धरला, मी सुलटा केला. "सांग तिला, पेज प्यायली. वाटीभर. उद्या भात खाईल. सांग, रडू नको. पोर माझ्याकडं हाय."

मी सांगितलं. ती बाई आणखीच रडली. मग डोळे पुसून तिने विचारलं, तुम्ही माझ्या मुलीसाठी एवढं करताय, मी तुमच्यासाठी काय करू शकते? मी हेही आईला सांगितलं. मला वाटलं, आई म्हणेल काही नको. पहिलं नको, तोंडाचं. ते तर ती हमखास म्हणणार.

आईने हात पदराला पुसले. कोरडेच होते, तरी पुसले.

"सांग तिला," ती म्हणाली, "माझी पोर येतेय तिकडं."

"कोण पोर?" मी विचारलं.

"कोण म्हंजे? मला काय धा पोरी हायत? सांग तिला. येतेय म्हणावं, शिकायला. आन सांग, ती पहिल्यांदा नको म्हणंल. दुसऱ्यांदापण म्हणंल. ते ऐकायचं नाय. तिसऱ्यांदा म्हणाली तर तोंडाकडं बघायचं आन मंग ठरवायचं. एवढं कर म्हणावं. बाकी मला काय नको."

मी इंग्रजीत सुरुवात केली. माझी आई म्हणते की तिची मुलगी येतेय, एवढं म्हणाले आणि पुढचा शब्दच फुटेना. मी त्या पांढऱ्या केसांच्या बाईसमोर हमसाहमशी रडायला लागले. तिकडे ती घाबरली, तिला वाटलं आमच्याकडे आणखी कुणी आजारी आहे. शेवटी खाटेवरून पाहुणी कोपरावर उठली, बसलेल्या आवाजात, त्यांच्या भाषेत आपल्या आईला सगळं सांगायला लागली. मला त्यातला एकच शब्द कळला. 'नको.' तो ती तीनदा म्हणाली.

बाबा रात्री शिफ्टवरून आले. मी त्यांना सांगितलं, आई हो म्हणाली. ते म्हणाले, "मला ठावं व्हतं." काय ठावं व्हतं त्यांना, देव जाणे!

भादव्यात मी इकडे आले. विद्यापीठ एका गावात, पाहुणीचं घर दुसऱ्या गावात, आगगाडीने तासाभरावर. पहिले काही आठवडे मी धडपडत काढले. सायकल शिकले, म्हणजे येत होती, पण इथल्या वाऱ्यात पुन्हा शिकावी लागली. वसतिगृहात आम्हा सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर, फ्रिजमध्ये प्रत्येकाचा एक कप्पा, आणि माझ्या कप्प्यात आईने दिलेली सुकट आठ पिशव्यांत गुंडाळलेली. दुपारी सगळे थंड पावावर चीज ठेवून खातात आणि त्याला जेवण म्हणतात. आणि आईचं म्हणणं सोळा आणे खरं ठरलं. गटाने प्रकल्प करायला आम्ही एकीच्या खोलीवर जमलो होतो, तिने सूप केलं होतं, वास तर असा की काय सांगू. तिने विचारलं, घेणार? माझ्या तोंडून गेलंच, "नको." ती म्हणाली, ठीक आहे, आणि झाकण! मी तिथे बसून जमिनीतल्या क्षारांवर बोलत राहिले आणि पोट माझ्याहून मोठ्याने बोलत होतं.

आई रोज विचारायची, "जेवलीस?" मी म्हणायची, जेवले गो आई. तीही "बरं" म्हणायची. पण त्या "बरं"मध्ये काही दम नसायचा.

मग एका रविवारी पाहुणीने घरी बोलावलं. ती स्टेशनवर घ्यायला आली, डोक्यावर वासे नसलेल्या ठिकाणी ती मला आणखीच उंच वाटली. घरात शिरले तर तिची आई दारातच उभी. हात हातात घेतले आणि मला सरळ टेबलापाशी नेलं. टेबलावर मोठ्या भांड्यात बटाटा आणि कसलासा पाला एकत्र घोटलेलं काहीतरी होतं, वाफाळतं. तिने मला एकदा वाढलं, मी संपवलं. तिने डाव उचलून भुवया वर केल्या.

"नको," मी म्हणाले. मराठीतच गेलं तोंडातून, सवयीने.

झालं, म्हटलं, आता झाकण. पण झाकण काही लागलं नाही. डाव माझ्या ताटात आला, चांगला भरून. मी खाल्लं. खरंच भूक होती, किती दिवसांची होती कोण जाणे. तिने पुन्हा डाव उचलला. मी पुन्हा लाजून नको म्हणाले. समोर पाहुणी खाली मान घालून हसत होती. आणि ती पांढऱ्या केसांची बाई, शब्द पाठ करून ठेवल्यासारखी, जरा अडखळत म्हणाली, "घे गो."

मी घेतलं. डोळ्यांतलं पाणी ताटात पडू नये म्हणून वर दिव्याकडे बघत खाल्लं.

तिसऱ्यांदा तिने डाव उचलला तेव्हा मी ताटावर हात आडवा धरला. पोटात खरोखर जागा उरली नव्हती. "नको," मी म्हणाले. तिचा हात थांबला. तिने चष्मा जरा खाली करून माझ्या तोंडाकडे नीट, सावकाश बघितलं. मग मान हलवली आणि भांड्यावर झाकण ठेवलं.

रात्री आईला फोन केला. तिने विचारायच्या आधीच सगळं सांगितलं, पहिल्या नकोपासून झाकणापर्यंत. ती मध्ये एकदाही बोलली नाही. मला वाटलं रेंज गेली. "आई? हायस ना?"

"हाय," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "तोंडाकडं बघितलंन ना तिनं?"

"व्हय."

"बरं," आई म्हणाली. "ठेव आता. आज मला झोप लागंल."